तेल सुटेपर्यंत

तापाजोसनं काठाला आणून टाकलेल्या बिया
झुल्मिरा उकळते, आणि
वीस दिवस त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.
आंदिरोबाला नजर लागते म्हणे. लागली की तेल आटतं.

मग एकटीच फोडते, मळते,
उतरत्या पत्र्यावर गोळा ठेवते उन्हात.
एकेक थेंब.

आज करवतवाल्यांचा माणूस आला होडीनं.
झाड कवेत मावेना, म्हणून टेप लावली.
महोगनीच्याच कुळातलं, म्हणाला,
आणि आकडा सांगितला.

तिनं ऐकून घेतलं.
त्याच्या नडगीवर डासांनी उठवलेल्या गांधी पाहिल्या,
तळव्यावर कडू तेल ओतलं, चोळलं.

किती झाले, त्यानं विचारलं.

ती पत्र्याकडे बघत पुटपुटली :
गोळ्याकडे बघितलंस ना तू?
आता चार दिवस काही सुटायचं नाही.