आधीचा हात

ऱ्हिलच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात कुणी येत नाही.
वारा येतो. समुद्र रस्त्यावर वाळू टाकून जातो,
नगरपालिका ती उचलून परत समुद्राला देते.
मी मागच्या शेडमध्ये हीटरचा एकच बार लावून बसतो.
सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत चहा निवतो;
एकतीस वर्षं झाली, हे गणित काही जमलेलं नाही.

टेबलावर बोर्ड. प्रिचर्डच्या आर्केडमधला,
चौऱ्याऐंशी सालचा, दोन मजली,
खाऱ्या हवेनं चिपांच्या पायांना हिरवा गंज धरलेला.
गेथिननं प्रिचर्डच्या नातवाच्या गॅरेजमधून आणला,
लॉनमोवरच्या खाली होता म्हणे.

चालू केला की पडद्यावर नुसता कचरा:
अर्धं विमान, अक्षरांचे तुकडे, गुलाबी पट्टे,
आणि दर दीड सेकंदाला सगळं पुन्हा पहिल्यापासून.
ते वॉचडॉगचं काम.
प्रोसेसरनं ठरल्या वेळी हाक दिली नाही
की मालक गेला असं समजून
हा सगळं घर झोपेतून उठवतो.
बिचारा. दर दीड सेकंदाला.

मी घाई करत नाही.
आधी बोट. एकेका चिपवर,
शाळेतून लवकर परतलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं.
कोमट. कोमट. गार.
आणि ही, कोपऱ्यातली, चटका देणारी.
मग प्रोब. वर गेलं तर किणकिण, खाली आलं तर गुरगुर,
काहीच नाही म्हणजे काहीच नाही,
आणि तेच तर शोधायचं असतं.

एलुनेड दारातून विचारते,
चालू झाल्यावर खेळतोस तरी का रे कधी?
नाही. पहिल्याच फेरीत मरतो मी.
मला नाणं पडल्याचा तो एक आवाज पुरतो.
मग कशासाठी हे?
तू शब्दकोडं सोडवतेस ते कशासाठी?
त्या कागदात नंतर मासे तरी बांधता येतात, ती म्हणते,
आणि दार लावून घेते, ऊब जाऊ नये म्हणून.

बोर्ड उलटा केला आणि डोकंच फिरलं.
आपल्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलंय.
सोल्डरचे गोळे, मेंढीच्या लेंड्यांसारखे.
तांब्याची वाट उखडलेली, आणि तिच्यावरून
एक निळी वायर, ढिली, लांबच लांब,
कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी.
कोण हा गाढव, मी मोठ्यांदा म्हणालो.
कुणी दिलं याच्या हातात तापलेलं आयर्न?
कार्डिफला गेथिनला फोन लावून तेच पुन्हा ऐकवलं.
तो हसला. तो नेहमीच हसतो.

भिंग लावलं. एकेक सांधा शोषून काढला,
राळेचा धूर डोळ्यांत गेला, तास गेला, दुसरा गेला.
मग बोर्ड सरळ करून रॉमच्या खिडकीवरची पट्टी पाहिली,
आतल्या आठवणीवर ऊन पडू नये म्हणून लावतात ती.
पिवळी पडलेली. शाई उडालेली.
सात मार्च त्र्याण्णव. तपासले. ठीक.
सातच्या पोटात आडवी रेघ.
ही खोड या गावात एकाच माणसाला आहे.

त्या मार्चमध्ये कारखान्यातून कमी केलं होतं मला.
आयर्न मेहुण्याचं, तोही प्लंबर,
त्या टोकानं पाइप जोडावेत, चिपा नव्हेत.
हात थरथरत होते का? आठवत नाही.
प्रिचर्डनं दिलेल्या दहा पौंडांच्या नोटेचा वास आठवतो, व्हिनेगरचा.

निळी वायर मीटरवर धरली.
शून्य ओहम.
एकतीस हिवाळे तिनं बिनतक्रार करंट वाहिला होता.
मेली होती ती दुसरीच, कोपऱ्यातली.

ती बदलली. सांधे नव्यानं भरले.
वायर राहू दिली, फक्त जरा ताणून बसवली.
गेथिनला अजून कळवलेलं नाही.

रात्री सव्वाअकराला विमान पूर्ण आलं,
त्याच्या मागे आकाश, एका रंगाचं, जसं असायला हवं तसं.
आवाज मात्र नाही अजून.
तो उद्या बघू.