काही असलं तर कळवू

वीस प्रती मागितल्या झेरॉक्सवाल्याकडे.
तो म्हणाला, पंचवीस घे, वीसात भागत नाही कुणाचं.

एका पानात मावले मी.
लुसिएली फुर्तादो, वय एकोणीस,
हवामानशास्त्र, दुसरं सत्र,
गाव जाग्वारांव, पूल ओलांडला की उरुग्वे.
'अनुभव' या शब्दापाशी बोट बराच वेळ अडलं होतं.
मग लिहिलं, मामाच्या दुकानात दोन उन्हाळे.
दुकान म्हणजे पुलाजवळची एक गाडी, चार खुर्च्या,
पण कागदाला कुठे दिसतंय.

जूनमध्ये पेलोतासच्या भिंतींना घाम फुटतो.
रात्री बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं,
सकाळी पायांना कालच्या बातम्यांचा वास.
असे बूट घालून चढले
चपलांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, दोन फार्मसी,
आणि एक ठिकाण जिथे कुत्र्यांना आंघोळ घालतात.

सकाळी आठ ते बारा जमेल?
सकाळी गणित असतं.
मग दुपारी?
दुपारी प्रयोगशाळा.
माझं वेळापत्रक कसर लागलेल्या स्वेटरसारखं,
भोकंच भोकं,
पण हात जाईल असं एकही नाही.

काही असलं तर कळवू, ते म्हणतात,
आणि इतकं गोड म्हणतात,
शेवटी मिठाईचंच शहर हे.
सात वेळा खरं मानलं.
आठव्यांदा तोंडाकडे न बघता हाताकडे बघायला शिकले,
कागद कुठल्या खणात जातोय.
एकाने कॉफीचा पेला ठेवला माझ्यावर,
माझ्यादेखत.

खोलीतली केली कॉल सेंटरला जाते रात्रपाळीला.
दिवसा झोपते आणि झोपेतच म्हणते,
कृपया लाइनवर थांबा.
मी थांबते. भात निवतो.
बाबांचा आवाज येतो फोनवर, मिळालं का गं काही?
आई काही विचारत नाही,
बसवाल्याच्या हाती राजमा पाठवते.

चोविसावी प्रत घेऊन
बाजारामागच्या बोळात दोना इरासीच्या भटारखान्यात.
तिने कागद वाचला नाही, चष्मा पिठात होता.
काय शिकतेस?
हवामान.
मग सांग, शनिवारी कोरडं असेल?
लग्नाच्या चारशे मिठाया आहेत,
दमट हवेत साखरेचं कवच रडायला लागतं.

अंगणावर आभाळ रुमालाएवढं.
दुसऱ्या सत्रात आभाळ येतच नाही,
फक्त समीकरणं येतात.
माहीत नाही म्हणायला हवं होतं.
म्हणाले, शुक्रवारी रात्री वारा फिरेल दक्षिणेचा,
शनिवार कोरडा.
तिने खुंटीवरचा एप्रन माझ्याकडे फेकला.

शनिवारी पहाटेपासून झिमझिम.
मी दारातच उभी, खाली मान घालून.
ती ट्रे सरकवत होती चुलीच्या उबेला,
पंखा लावत होती, तोंडाने शिव्या, कुणाला ते कळेना.
मग म्हणाली,
माझ्या आजीच्या आजीला साखर ढवळायला लावायचे या शहरात,
मजुरी न देता.
तेव्हाही पाऊस विचारून येत नव्हता.
मी तासाचे पैसे देते. आत ये, अंडी फोड.

शनिवार रविवार, सहा-सहा तास.
पिवळं वेगळं, पांढरं वेगळं.
बोटांतून पांढरं गळू द्यायचं,
पिवळं तळहातावर धरायचं, न दाबता.
पहिल्या दिवशी एकतीस फुटली.
पंचविसाव्या प्रतीच्या पाठीवर
तिने हिशेब लिहिला: चार डझन, अधिक ही एकतीस,
आणि ती चिकटवली फ्रीजला, नावाची बाजू आत.

साडेअकराला फोन वाजला खिशात.
फार्मसी असेल. किंवा कुत्र्यांच्या आंघोळीवाले.
किंवा बाबा.
उचल की, दोना इरासी म्हणाली.
दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे,
तळहातावर एक बलक, अजून शाबूत.
वाजू दे, म्हटलं.