डावा उजेड

"सीडी? गान्याची?" आईने विचारलं.
नाही, उजेडाची.
नागपूरने मोडीत काढलेलं यंत्र
तालुक्याच्या कॉलेजात आलं, तेव्हा
टेम्पोतून उतरवायला सहा पोरं लागली
आणि नायट्रोजनचं सिलिंडर यायला दोन महिने.

ते उजेडाला पीळ घालतं,
एकदा डावा, एकदा उजवा,
सेकंदाला पन्नास हजार वेळा,
आणि क्वार्ट्झच्या कुपीतल्या थेंबाला विचारतं,
यातला कोणता जास्त गिळलास?
फरक इतका बारीक
की एका अंशाचे हजार तुकडे करून मोजायचा.
त्यावरून कळतं
प्रथिन जिन्यासारखं वळत गेलंय
की घड्या घालून बसलंय.

मी कोसा निवडला. घरी दुसरं काय होतं?
बाप, डोमाजी, येनाच्या रानात गोफण घेऊन
पाखरांपासून अळ्या राखतो.
तेवढे दिवस मासळी खात नाही,
ढिवर असून.

पहिल्यांदा ग्रंथीतलं ओलं रेशीम
बर्फाच्या डब्यात घालून, मांडीवर धरून, एसटीने नेलं.
वैनगंगेच्या पुलापर्यंत ठीक.
पुढे रस्ता नव्हता, रस्त्याचं काम होतं.
झेनॉनचा दिवा लागला, रेघ सरकली,
दोनशे अठरावर एकच खड्डा.
घड्या. नुसत्या घड्या.
गेडाम सर म्हणाले, बफर बदल, मीठ काढ.
बफर बदलला. मीठ काढलं.
खड्डा तिथेच.

"हालवलं न तू," आई म्हणाली.
"हालवलं का त्याचं सूतच होते.
किडा मान हालवते तवाच त तार निंगते."
हे मी वाचलं होतं,
इंग्रजीत, दोनदा, पेन्सिलीने खुणा करून.
फक्त त्यात एसटी नव्हती.

मग जिवंत अळीच नेली, डहाळीसकट, पिशवीत.
कंडक्टर म्हणाला, हिचं हाफ तिकीट?
हिरवी, बोटाहून जाड,
ट्रेमध्ये ठेवली तेव्हाही
पान खातच होती.
पुढचं बापाला सांगितलेलं नाही.

रेघ निघाली.
दोनशे बावीसला उतरली, जराशी वर आली,
दोनशे आठला उतरली, आणखी खोल.
जिने! मी ओरडले बहुतेक,
कारण शिपाई आत डोकावला.
दोनशे एकवर लाइट गेली.
त्यापलीकडचं अजून माहीत नाही.

छापलेला कागद आईने उलटा धरला.
"दोन पहाड," म्हणाली, "उजवीकडला उंच हाये."
बरोबर होतं.
मी कागद सरळ केला नाही.

तिने सांगायची वाट पाहिली असावी, मी सांगितलं,
की प्रथिनाचे मणी झाडून सारे डावखुरे,
किड्यातले, माशांतले, आपल्यातले.
ती काही बोलली नाही.
पंगतीत वाढताना ज्या हातावर
आजीची पळी बसायची
त्याच हाताने मांडीवर तार वळत होती,
राख लावून, कोसा पाण्यात गरगरत.

इतकी वर्षं शेजारी बसून
पीळ कुठल्या बाजूला जातो
मी पाहिलंच नव्हतं. वाकले.
जरा थांब, म्हटलं, बघू दे.

"थांबलो का तुटते," ती म्हणाली,
आणि हात चालूच.