टाकणखार

पाणी आधी उकळायचं,
झाकून ठेवून गार होऊ द्यायचं,
म्हणजे त्यात मुरलेली हवा निघून जाते.
रात्रपाळीत हे काम माझ्याकडे,
कारण म्हणे माझा हात हलका आहे.

असणारच. देवरुखचे पोतदार आम्ही.
पणजोबा रुपया दगडावर टाकून
नुसत्या आवाजावरून सांगायचे, खोटा.

खिडकीबाहेर सूर.
हे गावाचं नाव आहे. पहिल्यांदा ऐकलं
तेव्हा वाटलं, एजंट थट्टा करतोय.
इथे समुद्र आत ओढून घेतात, मीठ काढतात,
आणि उरतं ते पाणी इतकं भुकेलं
की तसंच सोडलं तर नळ खाईल.
मग त्याला चुनखडीवरून फिरवतात
आणि चंचुपात्रातून माझ्यासमोर ठेवतात,
एक आकडा सांग म्हणून.

आकडा सांगणाऱ्या यंत्राला
खरं काय ते रोज शिकवावं लागतं.
रात्रीत विसरतं ते.

त्यासाठी तीन बाटल्या.
थॅलेट भट्टीत, एकशे दहावर, दोन तास.
फॉस्फेटंही तशीच.
टाकणखार मात्र भट्टीत घालायचा नाही.
त्याच्या खड्यात पाणी असतं, वजनात धरलेलं.
ते गेलं तरी खडा पांढराच दिसतो.

"मग ओळखायचं कसं?" शम्सा विचारते.
नवीन आहे, इथलीच, अल-मुखैनींची.
तिचे आजोबा गलबतं बांधायचे,
दोरीने आणि डोळ्याने, एकही आकडा न लिहिता.
मी म्हणते, ओळखता येत नाही,
म्हणून तर घालायचाच नाही.

तीन ग्रॅम ऐंशी.
तराजूची काचेची दारं लावते, श्वास धरते.
बाबाही धरायचे, पितळी काट्यापुढे, गुंजा मोजताना.
मग टाकणखार ओल्या पाटीवर घासून
पिसाने सांध्याला लावायचे, फुंकणीने ज्योत वळवायचे.
तो आधी फुलायचा, लाहीसारखा,
मग काच होऊन वाहायचा,
आणि डाग बसायचा.
मला फुंकणी कधी दिली नाही.
काटा दिला, तोही दुकान बंद झाल्यावर.

पहिल्या पगाराच्या वेळी फोनवर सांगितलं तर हसले.
"एवढं शिकून शेवटी टाकणखारच?
बरोबर तोलतेस ना?"
म्हटलं, गुंजेच्या हजाराव्या भागापर्यंत.
बराच वेळ पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता.
"इतकं नको गं," म्हणाले,
"इतकं पाहिलं तर कुणाचंच सोनं खरं निघायचं नाही."

आज दोन वाजता एसी बंद पडला.
ऑगस्ट. भिंतीसुद्धा घामेजल्या.
इलेक्ट्रोड धुतला, टिपला, बुडवला.
सूर लागेना. आकडा हलत राहिला,
मग थांबला: नऊ पूर्णांक चौदा.
बाटलीवर लिहिलंय अठरा.
शम्सा म्हणाली, चुकलं, ओतून टाकते.

थांब म्हटलं. थर्मामीटर बघ.
तीस.
अठरा पंचविसाला.
तिसाला हा चौदाच असतो, असायलाच हवा.
अठरा दाखवला असता
तर मी ओतून दिला असता.

तिने तक्त्यावर बोट ठेवून सगळी ओळ वाचली,
शून्यापासून पन्नासपर्यंत, एकाच बाटलीचे
इतके सगळे खरे आकडे.
मग वर बघून विचारलं,
"आणि कुणी नुसतंच विचारलं, किती आहे, तर?"

शुक्रवारी बाबा विचारतील, बरी आहेस ना.
मी म्हणेन, बरी.

यंत्राने तिन्ही मानले. सत्त्याण्णव टक्के उतार, चालतंय.
पात्रातलं उरलेलं तिने बाटलीकडे नेलं
आणि मी बोलायच्या आत
स्वतःच थबकली, सिंककडे वळली.
एकदा काढलेलं परत आत जात नाही.

लेबल लिहिलं. तारीख. तपमान.
खाली, देवनागरीत, कुणी वाचत नाही तरी:
पोतदार.
बूच घट्ट लावलं.
उघडं राहिलं तर तो आपला श्वास पितो
आणि हळूहळू खाली येतो.