पाचव्या दिवसाचं पाणी

सकाळपासून टीव्ही चालू आहे, आवाज बंद करून.
खालच्या पट्टीत आकडे पळतात
आणि सासरे दर पाच मिनिटांनी विचारतात,
'आपलं सोलापूर आलं का गं?'
येतं. वाचेस्तोवर जातं.
मग सिमेंटची जाहिरात लागते.

माझ्या बोटाला अजून शाई आहे.
बघणाऱ्याला वाटतं, बाईंनी मत दिलंय.
ती मताची नाही. बाटलीचं बूच सैल होतं.
मी मतदान अधिकारी क्रमांक दोन,
मनपा शाळा, विडी घरकुल, खोली तीन,
वर पंखा, पंखा बंद,
आठशे अकरा बोटं धरली त्या दिवशी.

व्यंकटम्मा गुर्रमचं नख तंबाखूनं इतकं राबलेलं
की शाई धरेना, दोनदा रेघ ओढली.
राजेशम कोंडाला डावी तर्जनीच नव्हती.
'मागानं खाल्ली,' म्हणाला, वर हसला.
तर्जनी नसेल तर शेजारचं बोट,
पुस्तिकेत लिहिलंय.
पुष्कळ काही लिहिलंय पुस्तिकेत.

माझं मत?
फॉर्म बारा भरला होता. टपाली मतपत्रिका आलीच नाही.
तहसीलात विचारलं, तर क्लार्क म्हणाला,
'जाऊ द्या मॅडम, एका मतानं काय होतंय.'
असं कधी म्हणू नये, हे मी
दोन महिने चौथीच्या पोरांकडून
सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते.

आठ वाजता काय ते नक्की झालं.
नवऱ्यानं आवाज सोडला, दीर पेढे घेऊन आला,
सासऱ्यांनी शुगर असून अर्धा खाल्ला.
मीही खाल्ला. गोड होता.
ज्याला मी मत दिलंच नव्हतं, तो पडला,
ह्याचं वाईट कुठल्या तोंडानं वाटून घ्यायचं?
चटणीला शेंगा घेतल्या कुटायला
आणि तेल सुटून गोळा झाला तरी कुटत राहिले.

दहाला मिरवणूक बोळात शिरली. हलगी, गुलाल.
आमच्या दाराशी नाचली थोडी,
कोपऱ्यावरच्या दाराशी जास्त.
रिझवाना बागवानचं दार. आत दिवा नाही.
कुणीतरी उंबऱ्यावर माळ सोडली फटाक्यांची.
कुणीतरी, म्हणते मी.
त्याचं नाव मला ठाऊक आहे,
त्याला 'ज्ञ' लिहायला मी शिकवलं.

आज पाळी आहे, हे निकालाच्या नादात सगळेच विसरले होते.
पावणेतीनला नळ फुसफुसला, हवा ओकली, आणि आलं.
मग बोळभर मोटारी, पिंपं, कळश्या,
पेढे वाटलेला दीर आणि सकाळपासून तोंड पाडलेला मल्लिनाथ हत्तुरे
एकाच वायरीवरून भांडले,
दर पाळीला भांडतात तसे, आई काढून.

कोपऱ्यावर मात्र नळ नुसताच वाहत होता.
चावी उघडी, खाली भांडं नाही.
एरवी बोळात पहिली घागर तिची लागते.
पाचव्या दिवसाचं पाणी
गुलाल घेऊन गटारात चाललेलं, त्याचा आवाज;
दिवसभरात कुठल्याच चॅनेलवर असा आवाज नव्हता.

गेले. कडी वाजवली.
'भाभी, पानी आया.'
बराच वेळ काही नाही. मग आतून, अगदी दाराजवळून,
'मालूम है टीचर.'
तेवढंच.

मी घरच्या घागरी आणल्या.
एक भरली, दुसरी लावली.
नवरा ओट्यावरून बघत होता, बोलला नाही,
मीही मागे वळले नाही.
चौथी गळ्यापर्यंत आली आणि पाणी गेलं.

फटाक्यांचे कागद पायानं सारून
चारी उंबऱ्याशी मांडून ठेवल्या.
तिचं दार आत उघडतं की बाहेर,
अकरा वर्षांची शेजारीण मी, आठवेना.
एक घागर जराशी बाजूला सरकवली.