अंगावर काढणं

पत्र दोन भाषांत होतं, वर वेल्श, खाली इंग्रजी,
आणि दोन्हींत मी पन्नाशीची झाले होते.
ते फ्रिजवर लावलं. पिझ्झाच्या कूपनांखाली
तीन वर्षं राहिलं.
दुसरं आलं तेव्हा शेजारची मेगन म्हणाली,
व्हॅन आलीय, टेस्कोच्या मागे, ट्रॉल्या लावतात तिथं.
दूध आणायला जातेसच ना, तशीच जाऊन ये.

पावडर नको, अत्तर नको, वरचा कपडा सुटा असू द्या.
पंजाबी ड्रेस परत कपाटात टाकला,
मुलाचा जुना रग्बीचा लाल शर्ट चढवला.

तीन लोखंडी पायऱ्या. आत हीटर,
आणि कोट मांडीवर घेऊन बसलेली एक बाई.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही,
कार्यालयात साडी बदलताना
बायका भिंतीकडे बघतात, तसं.

मशीनवाली मुलगी म्हणाली, मी ब्रॉनवेन.
आमच्या भाषेत ब्रॉन म्हणजे तेच, जे मी दिवसभर तपासते.
आईनं नाव आधी ठेवलं, नोकरी नंतर लागली.
मी हसले. लानेलीत बावीस वर्षं राहून
हा एक शब्द आज कळला.
आणि माझ्या घरात?
पोर अंगावर पितं. दूध अंगावरचं.
पदर सावर म्हणायचे,
पदराखाली काय, ते कुणी म्हणायचं नाही.

वन्संही म्हणाल्या होत्या, अंगाला जरा जड वाटतंय.
इचलकरंजीत, दिवसरात्र मागांचा खडखडाट,
ऐकू कुणाला जाणार?
आधी उसण म्हणाल्या, मग उष्णता,
मग पाळी जायला आलीय म्हणून.
एरंडाचं पान गरम करून बांधलं.
ब्लाउजची एक बाजू सैल करून घेतली
आणि शिंप्यालाच बोलल्या, माप चुकलं तुझं.
नऊ महिने दुखणं अंगावर काढलं.
मी मोजले, नंतर.
डॉक्टरनं विचारलं, आधी कुणाला दाखवलं का नाही?
म्हणाल्या, दाखवायचं काय त्यात?

खांदा सैल सोडा, ब्रॉनवेन म्हणाली.
हनुवटी वर. आता श्वास धरा.
पारदर्शक पट्टी खाली आली,
पुरीच्या प्रेसमध्ये गोळी बसावी तशी मी बसले.
दुखलं. खोटं कशाला सांगू?
दात आवळावे लागले,
दहापर्यंत मोजावं लागलं नाही.
उजवी वरून, उजवी तिरकी.
डावी वरून, डावी तिरकी.
लग्नातही इतक्या जवळून
माझे फोटो कुणी काढले नव्हते.
काढणं तेच, वन्सं. क्रियापद तुमचंच.
माझं सहा मिनिटांत झालं.

बाहेर समुद्राकडचा वारा, ट्रॉल्या एकमेकींवर आपटत होत्या.
दूध घ्यायचं विसरले.

अडीच आठवड्यांनी तिसरं पत्र.
वेल्श भाग आधी वाचला, पूर्ण, एक अक्षर न कळता,
तेवढाच वेळ मिळावा म्हणून.
मग खाली उतरले. काही आढळलं नाही.
पुन्हा तीन वर्षांनी.

त्याच संध्याकाळी वन्संच्या थोरलीला फोन केला.
चारुशीला, वय चव्वेचाळीस. तिकडे रात्र,
कुकरची शिट्टी, टीव्हीवर कुणाचं तरी लग्न मोडत होतं.
हवापाणी झालं, आंब्यांचे भाव झाले.
मग म्हटलं, स्तनांची तपासणी कधी केलीयस का गं?

स्तन.
त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा तोंडातून आला.
पुस्तकी वाटला, शाळेच्या पेपरात
जोडाक्षर तपासून लिहावं तसा.

पलीकडे एकदम शांत, वीज गेल्यावर माग थांबतात तसं.
वाटलं, रागावली. मामीनं असं बोलावं?
मग टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.
चपला. दाराची कडी.

मामी, ती म्हणाली, अगदी हळू,
माझ्या डाव्या अंगाला…

आणि थांबली.

नाव घेऊन सांग, मी म्हटलं.
ऐकतेय मी.