शिवणखातं, हँगर दोन

पहिल्या विमानांना खुर्च्याच नव्हत्या, पोरी.
युद्धातून उरलेली, पोचे आलेली धुडं,
आत दोन्ही भिंतींना कापडी बाकं,
मधे कॉफीची पोती, ओली कातडी,
आणि एकदा जिम्माला निघालेला नवरदेव,
मेंढी मांडीवर घेऊन.
ती बाकं आम्ही तिघींनी शिवली,
लिदेताच्या धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या खोलीत.
विमान दिसलं की आधी गुराख्याचं पोर धावायचं,
गाई हाकलायला.

खोलीत घड्याळं दोन.
आमचं, उजाडल्यापासून तास मोजणारं,
आणि कंपनीचं, जगाचं.
कैरोच्या तिकिटावर लिहिलं होतं सात;
निम्मे उतारू आले भर दुपारी,
आपल्या सातला, अगदी वेळेवर,
शिदोऱ्या बांधून.
विमान केव्हाच गेलेलं.

मग जेट आली, आणि धावपट्टी बोलेला गेली.
खुर्च्या एका ओळीत चार, मग सहा, मग नऊ.
राज्य बदललं की रंग बदलायचा.
डोकं टेकायच्या कापडावर सिंह होता,
म्हणाले, उसवा. उसवला.
तांबडं लावा. लावलं.
दोरा तेवढा तुटू दिला नाही,
दोरा पुन्हा लागतो.

दुष्काळाच्या साली सांगितलं, खुर्च्याच काढा.
हँगरभर दीडशे खुर्च्या,
सगळ्यांची तोंडं एकीकडे,
जसं काही कुणी भाषणाला उभं राहणार आहे.
त्यांच्या जागी गहू बसून गेला, उत्तरेला.
तिकडं माझी मावशी.
गहू पोचला.
मावशी नव्हती.

पेन्शनीत आल्यावर कंपनीनं एकदा पास दिला,
टोरांटोला, लेकीच्या बाळंतपणाला.
लोक सिनेमे बघत होते,
मी पुढल्या खुर्चीची पाठ.
मशीनचा टाका, सरळ, नाव ठेवायला जागा नाही.
पण खिशाच्या कोपऱ्यात बोट अडकलं:
दुहेरी गाठ, डावीकडून मारलेली.
डावखुरी आस्नाकेच!
अटलांटिकवर, काळोखात, एकटीच हसले मी.
शेजारच्या गृहस्थाला वाटलं, म्हातारीला वारं लागलं.

हसतेस काय?
सुई बदल आधी.
कापड नव्हे ते, कातडं आहे.
पूर्वी पोत्यांशेजारी पडून जायचं,
आता त्याच्यावर माणसं बसतात.